शनिवारचं ऊन पुरवताना

हिवाळ्यातल्या शनिवारचा घोळ पांघरुणातच सुरू होतो. घरचा माणूस ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत नऊ वाजवतो आणि उठल्यावर खुशीत असतो, की अख्खा दिवस हातात आहे. दिवस असतो हो, ऊन नसतं. दहाच्या आधी त्यात दम नसतो आणि चारनंतर ते नुसतं दिसायला उरतं. मधले सहा तास काय ते आपले. घरातल्या निम्म्या कामांना हेच सहा तास लागतात. बाकीची दिव्याखालीही उरकतात. भरभक्कम नाश्ता झाल्यासारखा चेहरा करून सकाळीच कागदांचा खण आवरायला बसायचं आणि रजया दुपारी तीनला गच्चीवर न्यायच्या, असं केलं की शनिवार गेलाच म्हणून समजा.

रजया पहिल्या. रजईची ऊब असते ती कापसात अडकलेल्या हवेची. आठवडाभर घामाची ओल धरून कापूस दबतो, हवेला जागा उरत नाही आणि मग ‘यंदा थंडी फार’ अशी तक्रार सुरू होते. साडेदहाला टाकली, बाराला उलटली, दीडला झटकली की झालं. झटकायची ती तळहाताने. काठीने बडवलं की धूळ निघते खरी, पण कापसाचे गोळे होतात आणि मध्ये नुसतं कापड राहतं. उचलल्यावर लगेच घडी घालून कपाटात कोंबायची नाही, दहा मिनिटं घरात पसरून निवू द्यायची. आणि चारच्या आत ती खाली आलीच पाहिजे, कारण ऊन उतरलं की कापड भराभर गार पडतं आणि हवेतला दमटपणा ओढायला लागतं. सगळी मेहनत तासाभरात फुकट.

कपड्यांचंही तसंच, फक्त त्यांना उन्हापेक्षा वारा जास्त लागतो. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून टांगावी. मशीनमध्ये नुसतं पिळायचं एक चक्र जादा दिलं तर वाळण्याचा वेळ पुष्कळ वाचतो. लोकरीचं काही असेल तर ते या चक्रात नको आणि टांगायलाही नको. ओल्या स्वेटरला दोरीवर लटकवलं की बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि सावलीत आडवा पसरायचा.

एवढ्यात आतून पहिली हाक येते: ‘पाणी गार आलं!’

हिवाळ्यात गीझरवर होणारे आरोप बहुतेक वेळा अन्यायाचे असतात. १५ लिटरची टाकी आणि २००० वॉटची कॉइल धरू. नळाचं पाणी २८ अंशांवर असेल तर ते ६० अंशांवर न्यायला सुमारे १७ मिनिटं लागतात. तेच पाणी १८ अंशांवर असेल तर २२ मिनिटं. हा पाच मिनिटांचा फरक सोसता येतो. खरा घोटाळा बादलीत होतो. ६० अंशांच्या त्या १५ लिटरमध्ये २८ अंशांचं गार पाणी मिसळून ४० अंशांचं अंघोळीचं पाणी केलं तर ते ४० लिटर होतं. १८ अंशांचं मिसळलं तर २८ लिटरवरच संपतं. म्हणजे टाकी तीच, पण दोन माणसांचं पाणी दीड माणसाचं झालं. शिवाय वरून गरम पाणी बाहेर पडत असताना खालून गार पाणी आत शिरतच असतं, त्यामुळे शेवटचे तीन-चार लिटर नावालाच कोमट. उपाय नंबर लावण्याचा आहे. झटपट अंघोळवाले आधी, गाणी म्हणणारे शेवटी आणि मध्ये वीस मिनिटांची सुटी. काटा ६० च्या वर नेऊन प्रश्न सोडवायचा मोह होतो, पण ६० अंशांच्या पाण्यानेसुद्धा चार-पाच सेकंदांत कातडी भाजते, मुलांची त्याहून लवकर. बादलीत गार पाणी आधी आणि गरम नंतर, एवढं तरी घरात सगळ्यांना शिकवून ठेवावं.

अकरा ते एक हा वेळ सायकलीचा. मुलांची सायकल थंडीत हटकून ‘पंक्चर’ असते आणि बऱ्याचदा ती पंक्चर नसतेच. हवा गार झाली की आकसते. ३० अंशांवर ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं चाक १० अंशांच्या पहाटे ३६ च्या आसपास दाखवतं, भोक वगैरे काही नसताना. त्यातून ट्यूबचं रबर थोडी थोडी हवा सोडतच असतं. म्हणून आधी नुसती हवा भरून अर्धा तास थांबावं. व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा थेंब सोडावा. बुडबुडा फुगला तर व्हॉल्व्हच सैल आहे, जरासा आवळला की काम झालं.

तरीही हवा उतरलीच, तर बादली आणा. थोडी फुगवलेली ट्यूब वीतवीत पाण्यात बुडवत जायचं, बुडबुड्यांची माळ दिसली की तिथे बोट ठेवायचं आणि पुसून पेनाने फुली मारायची. पुसणं महत्त्वाचं. पॉलिश पेपरने पॅचपेक्षा थोडी मोठी जागा घासून खरखरीत करायची, त्यावर सोल्यूशनचा, म्हणजे पंक्चरच्या गोंदाचा, पातळ थर द्यायचा. आणि थांबायचं! निम्मे पॅच इथेच वाया जातात. सोल्यूशन ओलं असताना पॅच लावला तर तो सरकतो आणि संध्याकाळपर्यंत कोपरा उचलतो. चकाकी जाऊन बोटाला नुसतं चिकट लागेपर्यंत वाट पाहायची. एरवी पाचेक मिनिटं पुरतात, थंडीत आणखी थोडी. ट्यूब उन्हात ठेवली तर हे लवकर होतं, म्हणून तर हे काम अकराचं. मग टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवायचा. कापड जिथे अडकेल तिथे काटा आहे. तो न काढता ट्यूब बसवणारे लोक दर शनिवारी पंक्चर काढतात. टायरचा शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी ढकलून रिममध्ये बसवायचा, स्क्रूड्रायव्हर लांब ठेवायचा. त्याने ट्यूब चिमटली की दोन भोकं शेजारी शेजारी पडतात, सापाच्या दातांसारखी.

गाडीकडे पाहायला दोन मिनिटं पुरतात. रात्रभर उभ्या राहिलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीने १२.६ च्या आसपास दाखवलं तर ठीक, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरली. थंडीत तिची ताकद घटते आणि त्याच वेळी इंजिनातलं ऑइल दाटतं. कोपऱ्यावर जाऊन परत येण्याने ती भरत नाही, उलट स्टार्टरने खाल्लेलंही भरून निघत नाही. एकदाच बाहेर पडून सगळी कामं एका फेरीत करावीत.

उत्तर गोलार्धात सर्वांत छोटा दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला येतो, पण सर्वांत लवकरचा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय नंतर येतो. म्हणजे जानेवारीतल्या शनिवारी सकाळ जास्त आळशी आणि संध्याकाळ किंचित सैल. ती मैदानाला द्यावी. गार हवा दाट असते, त्यामुळे बॅडमिंटनचं फूल आखूड पडतं. पिसांच्या फुलांच्या डबीवर ७५ ते ७९ असे वेगाचे आकडे असतात. थंडीत वरचा आकडा घ्यायचा. कोरड्या हवेत पिसंही कडकडीत होऊन मोडतात, म्हणून जाणकार आदल्या रात्रीच पिसांना काही सेकंद वाफ देऊन डबी बंद करून ठेवतात.

दिवेलागणीला सगळे घरात. आता कागदांचा खण काढा, बिलं भरा, झिपला मेणबत्ती घासा, काय हवं ते करा. झोपायच्या आधी मात्र दिवा बंद करून कृत्रिम धाग्याचा स्वेटर डोक्यावरून सर्रकन ओढायचा. हवा कोरडी असेल तर चटचट आवाज येतो, निळसर ठिणग्या दिसतात. मुलं ‘परत, परत’ म्हणतात. स्वेटर पुन्हा घालून काढला की दुसऱ्यांदाही होतं. तिसऱ्यांदा त्यांची आई दिवा लावते.