साइटवरची चोरी आणि गेटवरची वही
गेल्या पावसाळ्यात आमच्या बांधकामाच्या साइटवरून एका रात्रीत सेंटरिंगच्या (काँक्रीट ओतायच्या साच्याच्या) चाळीस लोखंडी प्लेटा आणि काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरची नीडल नाहीशी झाली, तेव्हा सर्वांनी वॉचमनकडे बोट दाखवले. वास्तविक मागच्या बाजूच्या कुंपणाचा पत्रा आठवडाभर सैल होता आणि ते मलाही ठाऊक होते.

त्यानंतर मी कॅमेऱ्यांच्या आधी गेटवरची मालाच्या नोंदीची वही सुधारली. सळईचे दर मीटरचे वजन किलोमध्ये, मिमीतल्या व्यासाच्या वर्गाला 162 ने भागून काढता येते. त्या हिशेबाने 12 मिमीची 12 मीटर लांब सळई सुमारे 10.67 किलो भरते, त्यामुळे उतरवतानाच नग मोजून वजनकाट्याच्या पावतीशी ताळा घातला, की माल साइटवर येण्याआधीच कमी झाला असल्यास ते उघड होते. भंगाराची गाडीही आता वजन करूनच बाहेर सोडतो, कारण कापलेल्या तुकड्यांखाली अख्ख्या सळया सहज दडतात.

प्लेटांच्या कडांना आम्ही पिवळा पट्टा मारला असून त्यावर वेल्डिंगने खूण उठवली आहे. रंग खरवडला तरी ती खूण राहते आणि भंगारवाला असा माल घ्यायला कचरतो. ड्रिल, ग्राइंडर व तांब्याची केबल संध्याकाळी सहाला कुलपात जाते. किल्ली मात्र स्टोअरकीपरकडेच असते, इंजिनिअरकडेही नाही, यावरून थोडी कुरकुर झालीच.