नर्मदा, बोरिंग आणि पंधरा मिली हायपो

चिरंजीव पुण्याला नोकरीला गेले ते माशांच्या अकरा टाक्या माझ्या गळ्यात घालून. वरच्या खोलीत पूर्वी गाद्या आणि गणपतीचं मखर ठेवत असू. तिथे आता लोखंडी स्टँडवर तीन ओळींत गप्पी, मॉली, एंजल आणि काचेच्या बरण्यांत एकेकटे फायटर. जाताना त्याने एवढंच सांगितलं, "आई, दर रविवारी थोडं थोडं पाणी बदल. आणि आधी दोन दिवस मुरू दे." लोणचं मुरतं, मुरंबा मुरतो. पाणी मुरतं म्हणजे नेमकं काय होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.

तशी मी शाळेच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं काढलेली. ब्यूरेट, पिपेट, लिटमस या सगळ्याशी घरोबा. त्यामुळे रसायनांची धास्ती नव्हती. उलट जरा जास्तच आत्मविश्वास होता, आणि तोच नडला.

आमच्या रामबागेतल्या घरात दोन तऱ्हेचं पाणी आहे, नर्मदेचं आणि बोरिंगचं. इंदूरबाहेरच्यांना सांगायला हवं, इथे नळाला पाणी आलं असं कुणी म्हणत नाही, 'नर्मदा आली' म्हणतात. खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, पंपांनी चढवत चढवत ती या पठारावर आणली आहे. १९७८ साली पहिल्यांदा शहरात पोचली. सासूबाई अजून सांगतात, पहिली घागर भरली तेव्हा नळाला हळदकुंकू वाहिलं होतं. आमच्याकडे ती एक दिवसाआड पहाटे येते आणि तासाभरात जाते. बाकीच्या वेळेला बोरिंग. माळव्याच्या काळ्या खडकातून वर येणारं ते पाणी इतकं जड की बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरते आणि डाळ शिजायला दोन शिट्ट्या जास्त लागतात.

सुरुवातीचे तीन महिने बादल्यांत नर्मदा भरून ठेवायची आणि रविवारी ओतायची, एवढ्यावर निभावलं. नवरात्रात गडबड झाली. पाइपलाइनचं काही काम निघालं म्हणून दोन दिवस पाणी नव्हतं, घरात पाहुणे, आणि साठवलेल्या बादल्या कुणीतरी भांड्यांना वापरून टाकल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे नर्मदा आली ती पोहण्याच्या तलावासारखा वास घेऊन. गप्पींच्या टाकीचं पाणी गढुळलं होतं. मी नळी लावली आणि अर्धी टाकी थेट भरली. चहा टाकून परत येते तो सगळे गप्पी वर, तोंडं पाण्याबाहेर काढून, कल्ले फडफडवत. क्लोरिन आधी कल्ले जाळतं, मग टाकीत हवा कितीही सोडा, ती रक्तापर्यंत पोचत नाही. संध्याकाळपर्यंत चाळणीने सतरा काढले.

वाईट याचं वाटलं की उत्तर माझ्याच हाताखालचं होतं. सोडियम थायोसल्फेट. आयोडिनच्या प्रयोगाला ब्यूरेटमध्ये मी वर्षानुवर्षं तेच भरून देत आले. जुने फोटोग्राफर त्याला हायपो म्हणत, डार्करूममध्ये फोटो पक्का करायला वापरत. माशांच्या दुकानात क्लोरिन मारायच्या ज्या लहान बाटल्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांत मुख्य माल हाच. रसायनांच्या दुकानातून स्फटिक आणले, १०० ग्रॅम पाण्यात विरघळवून बरोबर एक लिटर केलं आणि तपकिरी बाटलीत भरून वर तारीख लिहिली. हे द्रावण हळूहळू कमजोर होतं, म्हणून तारीख. हिशेब असा: क्लोरिनच्या साधारण सातपट हायपो धरायचं. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरिन धरलं, तर २०० लिटरच्या ड्रमात २०० मिलिग्रॅम, म्हणजे हायपो १४०० मिलिग्रॅम, म्हणजे माझं द्रावण १४ मिली. खोकल्याच्या औषधाचं झाकण १५ मिलीचं असतं. एक झाकण, एक ड्रम. इतकं सोपं.

मग तपासायचं. क्लोरिन तपासायचे थेंब टाकले की पाणी पिवळं पडतं, जितकं क्लोरिन तितकं पिवळं. नळाच्या पाण्याची परीक्षानळी लिंबाच्या सालीसारखी झाली. हायपो टाकून ढवळलेल्या ड्रमातली पाण्यासारखी नितळ राहिली. दुसरा एक ड्रम मुद्दाम हायपो न टाकता नुसता हवेचा दगड (पंपाच्या हवेचे बुडबुडे काढणारा) सोडून ठेवला, तोही दुसऱ्या सकाळी स्वच्छ निघाला. म्हणजे आमच्याकडे येतं ते साधं क्लोरिन. जिथे क्लोरामाईन, म्हणजे क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग, वापरतात तिथे नुसतं मुरवून ते जात नाही, आणि हायपोने क्लोरिन मारलं तरी मागे अमोनिया उरतो. तिथल्यांनी माझं झाकण उचलू नये.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरा घात पुढे झाला, तो एंजलच्या टाकीत.

दुकानदाराने सांगितलं होतं, "आंटी, एंजल को सॉफ्ट पानी चाहिए, आरओ का डालो, चमक देखना." मी स्वयंपाकघरातल्या आरओला नळी जोडून रात्रभर पिंप भरायला लागले. लिटरमागे दोन-तीन लिटर वाया जायचं, त्याने फरशी पुसायची. दोन महिने एंजलना निव्वळ आरओचं पाणी. चमक आली, खरंच आली. टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या, पेनवर ४५चा आकडा पाहून मलाच धन्य वाटायचं.

पाण्यातून आपण काय काढून टाकलं, हे मात्र लक्षात आलं नाही. आरओ जाता जाता बायकार्बोनेटही काढून टाकतो. त्याच्या मापाला मासे पाळणारी मंडळी केएच म्हणतात. टाकीतले जीवाणू माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि या कामात आम्ल तयार होतं. बायकार्बोनेट असेल तर ते आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. नसेल तर पीएच घसरत जातो. माझ्या टाकीत तो ६ला आला होता. इतक्या आंबट पाण्यात ते जीवाणूही जवळपास संपावर जातात, म्हणजे अमोनिया साठतच जातो. आणि गंमत बघा, मासे ठणठणीत. कारण पीएच ६ला जवळपास सगळा अमोनिया अमोनियमच्या रूपात असतो, त्याचं विष फारसं चढत नाही. दोन महिने मी विषाच्या घड्यावर झाकण ठेवून चमक बघत बसले होते.

जानेवारीत आरओची मोटर जळली. रविवार होता. बोरिंगच्या पाण्यात तर क्लोरिन नसतं, मग भीती कसली? दुकानदारानेही फोनवर तेच सांगितलं, "बोरिंग का है तो सीधा डालो, कोई टेंशन नहीं." अर्धी टाकी बोरिंगने भरली. पीएच ६वरून थेट ८च्या घरात. दोनच आकड्यांचा फरक दिसतो, पण पीएचचा एकेक आकडा दहापटीचा असतो, आणि तेवढ्या चढावर विषारी अमोनियाचा वाटा जवळजवळ शंभरपट होतो. अर्धं पाणी बदलल्याने अमोनिया निम्मा झाला होता, हे खरं. तरी विष पहिल्याच्या पन्नासपट झालं, हेही खरं. शिवाय टीडीएस ४५वरून एका दमात पाचशेवर. दुपारी जेवून वर गेले तर एंजल तिरके पडलेले, कल्ले लालभडक. अमोनिया तपासायच्या थेंबांनी नळी पिवळी राहायला हवी, ती मेंदीच्या पानासारखी गडद हिरवी झाली. तेरातले चार वाचले, तेही गप्पींच्या टाकीतला, जीवाणू वसलेला जुना स्पंज फिल्टर तिकडे लावला आणि त्यांना दोन दिवस उपाशी ठेवलं म्हणून.

ह्यांनी काही म्हटलं नाही. रात्री फक्त विचारलं, "प्रयोगशाळेत हे मोजत नव्हता का तुम्ही लोक?" मोजत होतो. इथे मोजलं नाही. मोजलं असतं तर रोज चार-पाच लिटर नर्मदा घालून आठवडाभरात टाकी हळूहळू वर आणता आली असती.

दुसऱ्या दिवशी बोरिंगच्या पाण्याचा मुद्दाम अभ्यास केला. ताजं पाणी ग्लासात घेतलं की जरा दुधट दिसतं, बारीक बुडबुडे असतात, मिनिटभरात खालून वर निवळतं. पीएचच्या पेनवर ताजं ७.२ आलं. तेच पाणी रात्रभर हवेचा दगड सोडून ठेवलं तर सकाळी ८.१. जमिनीखाली दाबाखाली त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच चढतो. शिवाय ताज्या बोरिंगमध्ये प्राणवायू कमी असतो. तेव्हा क्लोरिन नसलं तरी बोरिंगलाही मुरवावंच लागतं, आणि पीएच मोजायचा तो मुरल्यावर. नळाखालचा आकडा खोटा असतो.

आता व्यवस्था अशी आहे. पूर्वी ग्लुकोजचा पाक भरलेले तीन निळे २०० लिटरी ड्रम आणले. ड्रममध्ये आधी काय होतं ते विचारल्याशिवाय आणि वास घेतल्याशिवाय घेऊ नये. सासूबाईंनी तांब्याचा बंब सुचवला होता, "तांब्यातलं पाणी गुणी." माणसांना असेल, माशांना तांबं विष आहे, मऊ पाण्यात तर जास्तच. भरलेले तीन ड्रम म्हणजे ६०० किलो, म्हणून ते खोलीच्या मधोमध न ठेवता खाली पक्की भिंत आहे त्या बाजूने ओळीने मांडले. ड्रममधून टाकीत पाणी चढवायला जुन्या कूलरचा पंप.

पहिल्या ड्रमात निव्वळ नर्मदा आणि एक झाकण हायपो. तो गप्पी आणि मॉलींचा. त्यांना असं किंचित जड पाणी मानवतं, उगाच मऊ करायला जाऊ नये. दुसरा एंजलचा: दोन भाग नर्मदा, एक भाग आरओ. तिसऱ्यात पुढच्या खेपेचं मुरत असतं.

दुसऱ्या ड्रमाचं केएच दर वेळी मोजते. ५ मिली पाणी नळीत घेतलं की केएच तपासायच्या द्रवाचा पहिला थेंब पडताच ते निळं होतं. मग एकेक थेंब, दरवेळी नळी हलवायची. नर्मदेचं पाणी आठव्या थेंबाला पिवळं होतं, बोरिंगचं सतराव्याला. मिश्रण पाचव्याला हिरवट दिसतं आणि सहाव्याला एकदम पिवळं. निळ्याचं पिवळं होताना तो एक क्षण असतो, तो पाहायला मी अजून चष्मा पुसून बसते. याला दुकानात किट म्हणतात आणि चारशे रुपये घेतात. आहे ते साधं अनुमापनच, फक्त ब्यूरेटऐवजी थेंब.

पीएच खाली आणायची आम्लं मी फेकून दिली. केएच असेल तोवर आम्लाने पीएच खाली जातो आणि सकाळी परत वर येतो. मासे बिचारे वरखाली. ८ला आहे तर ८ला असू दे, रोज ८ला असू दे. फायटरच्या बरण्यांत तेवढं देशी बदामाचं वाळलेलं पान टाकते. पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि फायटर त्याखाली जाऊन बसतात.

ऋतूंचा त्रास वेगळाच. डिसेंबरात पहाटेचं पाणी १६-१७ डिग्री. ३०० वॉटचा हीटर २०० लिटर पाणी ताशी जेमतेम सव्वा डिग्रीने तापवतो, तेव्हा रविवारच्या पाण्यासाठी हीटर शनिवारी रात्रीच लावावा लागतो. आणि ड्रमात हात घालायच्या आधी बटण बंद, हे दारावर लिहून ठेवलं आहे. मे महिन्यात उलटं, गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी हात भाजेल असं असतं, ते या खोलीत येऊच देत नाही. पावसाळ्यात यंदा गच्चीवरचं पाणी धरून पाहिलं. पहिले दोन पाऊस वाहू दिले, मग ४० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पडला तरी ४०० लिटर होतात. टीडीएस १८ आला. पण हे पाणीही आरओसारखंच पोकळ, केएच नाहीच. तेव्हा फक्त नर्मदेत मिसळायला.

दिवाळीला चिरंजीव आले. ड्रम, झाकण, वही सगळं पाहिलं आणि म्हणाले, "आई, आता डिस्कस मासे ठेवू या." मी वही उघडून दाखवली. त्यांना मऊ, कोमट आणि रोज बदललेलं पाणी लागतं. म्हणजे रोजचे साठ लिटर आरओ आणि फरशी पुसायला दीडशे लिटर. एवढ्या फरश्या आपल्या घरात नाहीत, म्हटलं.