कणकुंबी, हलशी आणि हँडलबारची बॅग

किणये सोडलं की पाऊस बरोबरच चालतो. बेळगावातून जांबोटीमार्गे कणकुंबीला पावसाळ्यात गेलेल्यांना हे ठाऊक आहे. अंगावर रेनकोट, वर सॅक, आणि पाकीट नेमकं सगळ्यात आतल्या खिशात. पंपावर पैसे द्यायचे तर अर्धे कपडे उतरवायचे. म्हणून यंदा निघण्याआधीच हँडलबारची बॅग, म्हणजे मोटारसायकलच्या हँडलला पुढं बांधायची बॅग, घ्यायची ठरवलं.

दुकानात रांगेनं टांगलेल्या बॅगा सगळ्याच छान दिसतात. माझं नशीब की शेजारी गाड्या दुरुस्त करणारे काका उभे होते. म्हणाले, "गाडीला बांधून इंजिन चालू करा, आणि हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा की. नुसतं सरळ धरून काय कळतंय?"

तसं केलं. पहिली बॅग मोठी, खिसेच खिसे. हँडल डावीकडं पूर्ण वळवलं आणि हात न लावता रेस वाढली! बॅगेचा पट्टा ॲक्सिलरेटरच्या केबलवर बसला होता. घाटातल्या वळणावर हे झालं असतं तर? क्लच केबल आणि ब्रेकचा पाइपही असाच दाबला जाऊ शकतो. मग सीटवर बसून पुढचा ब्रेक धरला आणि शॉकअप जोरात दाबला, तर बॅगेचं बूड मडगार्डला टेकलं. शिवाय हेडलाईट अर्धा झाकलेला. ती बॅग तिथंच ठेवली.

घेतली ती लहान, जेमतेम तीन लिटरची. चेन नाही, तोंड गुंडाळून क्लिप लावायची. शिवणीऐवजी जोड वितळवून चिकटवलेले, त्यामुळं सुईच्या भोकातून पाणी शिरायचा प्रश्नच नाही. वरून घालायच्या रेनकव्हरवर माझा विश्वास नाही. वाऱ्यानं ते फुगतं आणि पाणी आत साठतं.

जांबोटीच्या पुढं रस्त्याची चाळण झाली होती. तिथं वजनाचं महत्त्व कळतं. हँडलवरचं ओझं हँडलबरोबर फिरतं, प्रत्येक खड्ड्यात झोल देतं. पाने, पंप, कुलूप मागच्या बॅगेत, शक्य तितकं खाली. पुढं फक्त पाकीट, कागदपत्रं, हातमोजे, चिक्की. मोबाईलही पंच्यात गुंडाळून तिथंच, कारण इंजिनच्या थरथरीनं त्याचा कॅमेरा बिघडू शकतो.

कणकुंबीला माउलीच्या देवळात गेलो. मलप्रभा इथंच उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडं जाते. याच खानापूर तालुक्यातली म्हादई मात्र पश्चिमेला, गोव्याकडं. चिंब झाडी, धुकं, आणि इतकं पाणी की बोलताना आवाज चढवावा लागत होता. मला हा भाग फार आवडतो.

पट्टा भिजून थोडा सैल झाला होता, तो पुन्हा आवळला आणि लोंबणारं टोक आत खोचलं. तेच टोक केबलमध्ये अडकतं.

परतताना जांबोटीहून खानापूर, तिथून नंदगड. इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला 1831 मध्ये इथंच फाशी दिली. समाधीपाशी थांबून पुढं हलशीला, कदंब राजांच्या काळातल्या भूवराह-नरसिंह मंदिरात. तिथं पायरीवर बसून बॅग उघडली. कागदपत्रं कोरडी, चिक्की कुरकुरीत.

ज्यांच्या गाडीला पुढं फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं आवरण आहे, हँडल खाली आहे, त्यांनी या भानगडीत पडू नये. तिथं बॅगेला जागाच नसते. टाकीवरची बॅग बघा, आणि तीही हँडल पूर्ण वळवूनच.