कान दोन, स्पीकर चार

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घरी पहिल्यांदा येणारा जवळजवळ प्रत्येक जण हॉलच्या चार कोपऱ्यांतले स्पीकर आणि भिंतीजवळचा टिॲक कंपनीचा ए-३३४० डेक, म्हणजे रिळांवरची टेप वाजवणारं चार ट्रॅकचं यंत्र, बघून हेच विचारतो: माणसाला कान दोन, मग स्पीकर चार कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर कानातच आहे. उजवीकडे टाळी वाजली की ती उजव्या कानाला आधी ऐकू येते, डाव्याला किंचित नंतर. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो, आणि तेवढ्यावर मेंदू दिशा ओळखतो. पण टाळी बरोबर समोर वाजली किंवा बरोबर पाठीमागे, तर दोन्ही कानांना ती एकाच वेळी पोचते. तरीही आपण सहसा चुकत नाही. कानाच्या बाहेरच्या वळ्या मागून येणाऱ्या आवाजाचा पोत बदलतात, शिवाय आपण नकळत मान जराशी वळवतो. थोडक्यात, दोन कानांना चारही दिशा कळतात. समोर ठेवलेल्या दोन स्पीकरना मात्र मागची दिशा खऱ्या अर्थाने उभी करता येत नाही. सभागृहात गवयाचा आवाज समोरून येतो आणि पाठोपाठ भिंतींवरून, छतावरून परतलेला तोच आवाज बाजूंनी आणि मागून येतो. त्या परतलेल्या आवाजाला मी गाण्याचाच भाग मानतो. तो काढून घेतला की गाणं राहतं, जागा जाते.

ही जागा घरात आणण्याचा प्रयत्न म्हणजे क्वाड्रफोनिक, थोडक्यात क्वाड: चार स्पीकरना चार स्वतंत्र आवाज, म्हणजे चार चॅनल, देणारी पद्धत. न्यूयॉर्कच्या वॅनगार्ड कंपनीने १९६९ मध्ये अशा चार चॅनलच्या टेप विकायला काढल्या. म्हणजे क्वाड घरात आलं ते आधी टेपवर, रेकॉर्डवर नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण क्वाडची जी बदनामी झाली ती बहुतांशी रेकॉर्डमुळे झाली.

पाव इंच रुंदीच्या टेपवर चार समांतर ट्रॅक, म्हणजे आवाज भरायच्या पट्ट्या, असतात. नेहमीच्या स्टीरिओ रिळात जाताना पहिला आणि तिसरा ट्रॅक वाजतो; रीळ उलटवलं की दुसरा आणि चौथा. क्वाडमध्ये चारही एकाच दिशेने, एकदम वाजतात: पहिला-तिसरा पुढचे डावे-उजवे, दुसरा-चौथा मागचे डावे-उजवे. रीळ उलटवायचं नाही. चार आवाज, चार वाटा, कुठेही सरमिसळ नाही. टेप दुप्पट लागते, म्हणून ती महाग पडायची, हे खरं.

रेकॉर्डच्या खाचेला मात्र दोनच भिंती, म्हणजे दोनच चॅनलची जागा. तिथे चार चॅनल बसवायला कंपन्यांनी वेगवेगळे मार्ग काढले. सीबीएसची एसक्यू आणि सान्सुईची क्यूएस या पद्धतींत चार चॅनल दोनात मिसळायचे आणि ऐकताना पुन्हा वेगळे काढायचे. पण एकदा मिसळलेलं पूर्ण वेगळं होत नाही. एसक्यूच्या साध्या डिकोडरमध्ये, म्हणजे चॅनल वेगळे काढणाऱ्या यंत्रात, काही दिशांना दोन चॅनलच्या आवाजाच्या पातळीतलं अंतर जेमतेम ३ डेसिबल उरायचं. गायिका पुढे आहे की मागे, हेच ठरेना. जेव्हीसीची सीडी-४ पद्धत जास्त हुशार होती. तिने मागच्या चॅनलची माहिती ३० किलोहर्ट्झच्या, कानाला ऐकू न येणाऱ्या वाहक लहरीवर चढवली. ती वाचायला खास घडणीची शिबाता सुई लागायची, आणि साध्या सुईने ती बारीक नक्षी झिजून जायची. एका पद्धतीची रेकॉर्ड दुसरीच्या यंत्रावर नीट उलगडत नसे. गिऱ्हाईक वैतागलं, दुकानदार वैतागले, आणि दशक संपायच्या आत क्वाड बाजारातून उठलं. ज्यांनी क्वाड ऐकलं त्यांतल्या बहुतेकांनी ही रेकॉर्डवरची तडजोड ऐकली. चार ट्रॅकची टेप फार थोड्यांच्या वाट्याला आली. म्हणून मी टेपच्या बाजूने इतका हट्टाने बोलतो.

चार दिशांची हौस तंत्रज्ञांनीच काढली असंही नाही. फ्रेंच संगीतकार बेर्लिओझने १८३७ मध्ये पॅरिसच्या लेझांव्हालिद इथल्या चर्चमध्ये आपलं रेक्वियम, म्हणजे मृतांसाठीचं प्रार्थनासंगीत, सादर केलं, तेव्हा मुख्य वाद्यवृंदाशिवाय पितळी वाद्यांचे चार ताफे चार कोपऱ्यांना ठेवायची योजना त्याने रचनेतच केली होती. ते दोन स्पीकरवर ऐकणं म्हणजे रचनेचा एक अवयव वगळून ऐकणं.

क्वाडला मर्यादा आहे, आणि ती मी लपवत नाही. पुढचा डावा आणि मागचा डावा यांच्या मधोमध, म्हणजे थेट कानाच्या बाजूला, आवाज स्थिर उभा राहत नाही. तो पुढे-मागे ओढला जातो. ऑक्सफर्डचा गणितज्ञ मायकेल गर्झन याने सत्तरच्या दशकातच हा दोष दाखवला आणि त्यावर उपाय म्हणून ॲम्बिसॉनिक्स ही वेगळी पद्धत उभारायला मोठा हातभार लावला. त्याचं म्हणणं मला पटतं. तरीही मागून येणारी सभागृहाची गुंज चार स्पीकरमधून जशी येते, तशी दोनमधून येत नाही.

क्वाड संपलं, पण ३३४० सारखे चार ट्रॅकचे डेक टिकले, ते वादकांमुळे. ३३४० वर एक ट्रॅक ऐकत ऐकत दुसऱ्यावर अचूक जुळवून वाजवता यायचं. टिॲक त्याला सिमल-सिंक म्हणत असे. एकटा माणूस घरी बसून आधी ताल, मग गिटार, मग गळा असं गाणं रचू लागला. म्हणून चालू स्थितीतले डेक आजही सापडतात.

अमेरिकेतून आणायचा विचार असेल तर एक सांगतो. त्या काळच्या बऱ्याच डेकमध्ये टेप ओढणाऱ्या कॅपस्टनची मोटर विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते. तिथे ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही. डेक सहाला पाच या प्रमाणात मंद चालतो आणि काळी चारमधलं गाणं खाली उतरून पांढरी चारमध्ये ऐकू येतं. तेव्हा ५० हर्ट्झवर बदलता येणारं मॉडेल शोधा किंवा योग्य मापाची पुली मिळवा. टेप कॅपस्टनवर दाबून धरणाऱ्या पिंच रोलरचं रबर चिकट झालेलं नाही ना, हेही बघा. आपल्या पावसाळ्यात त्याची फार लवकर वाट लागते.

दुसरं हमखास विचारलं जातं ते असं: आजोबांनी घरच्या मैफिलींची रिळं भरून ठेवली आहेत, ती तुमच्याकडे वाजतील का? बहुधा वाजतील, पण आधी नाकाजवळ धरून बघा. व्हिनेगरचा वास आला तर ती ॲसिटेटची टेप सडायला लागली आहे, तिला घाई करायला हवी. डेक चार चॅनलवर ठेवून स्टीरिओ रीळ लावलं तर समोरून गाणं सुलट आणि मागून दुसऱ्या बाजूचं उलटं ऐकू येईल, म्हणून दोन चॅनलवरच लावायचं. चारही ट्रॅकचे रेकॉर्डिंगचे स्विच बंद आहेत ना, हे मी दरवेळी तपासतो, नाहीतर जुनं गाणं पुसलं जाईल. घरगुती रिळं टेप वाचवायला सेकंदाला ९.५ सेंटीमीटर वेगाने भरलेली असतात. ३३४० वर मात्र १९ आणि ३८ हेच दोन वेग. त्यामुळे सगळं बरोबर एक सप्तक वर आणि दुप्पट लयीत वाजतं. तसंच संगणकात उतरवून घ्यायचं, वेग निम्मा करायचा, मग खर्ज-तार यांचा तोल हाताने दुरुस्त करायचा. वेळ जातो, पण गाणं परत मिळतं. अशी रिळं असतील तर घेऊन या. फक्त आधी स्वतः फास्ट फॉरवर्ड करून बघू नका. जुनी टेप तिथेच तुटते.