हौद्याचा लॉग, नोंद ६: स्टेनलेस की जर्मन?

मागच्या नोंदीत हौद्याचा तळ ग्राइंडरने कापून काढला, तिथपर्यंत आलो होतो. वडिलांनी या पिकअपमधून वर्षानुवर्षं खताची पोती वाहिली आणि हौदा क्वचितच धुतला. क्रॉस मेंबरवर, म्हणजे तळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर, जे उरलं होतं त्याला पत्रा म्हणवत नव्हतं, पापडच तो. नवा हौदा कशाचा करायचा, या एका प्रश्नात चार रविवार गेले.

भाच्याचं मत ठाम होतं: "मामा, टेस्लाच्या सायबरट्रकसारखा स्टेनलेसचा कर, रंगाची कटकटच नको." आई ओट्यापाशी होती, तिथूनच म्हणाली, "जर्मनचा कर, हलका होईल. फक्त त्यात चिंचेचं काही सांडू नकोस." जर्मन म्हणजे अ‍ॅल्युमिनियम; ती पातेल्यांबद्दल बोलत होती, पण मुद्दा हौद्यालाही तितकाच लागू आहे. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तोच त्याला राखतो. आंबट आणि क्षार, दोन्ही तो थर खातात. ओलं सिमेंट किंवा चुना वाहायचा असेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या नादी लागू नका. माझ्या गाडीत आता सायकली आणि तंबू याखेरीज काही जाणार नाही.

आधी वजनाचा हिशेब. हौद्याला एकूण साडेपाच चौरस मीटर पत्रा लागतो. १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा ३०४ (स्टेनलेसचा नेहमीचा प्रकार) घेतला तर ५२ किलो. २ मिमीचा ५०५२ अ‍ॅल्युमिनियम घेतला तर ३० किलोच्या आत. "पण अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं," असं ग्रुपवर हमखास कोणीतरी म्हणतं. धातू म्हणून बघितलं तर स्टेनलेस पावणेतीन पट ताठ आहे, १९३ विरुद्ध ७० गिगापास्कल. मात्र सपाट पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. १.२ ची जाडी २ केली की घन साडेचार पटीच्या वर जातो. म्हणजे २ मिमीचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा १.२ मिमीच्या स्टेनलेसपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ, आणि तोही २२ किलो हलका. पोचा पडण्याच्या बाबतीतही बाजारात मिळणारा साधा ३०४ आणि ५०५२-एच३२ (थोडा कडक केलेला ५०५२) जवळपास एकाच पातळीवर आहेत. सायबरट्रकचा पत्रा वेगळा, तो कोल्ड रोलिंगने मुद्दाम कडक केलेला. म्हणूनच त्याला डायमध्ये दाबून गोलाई देता येत नाही आणि अख्खी गाडी सरळ घड्यांची दिसते. १९८१ च्या डिलोरियन कारवर ३०४ होता, पण तो वरचा साज; आतली बॉडी फायबरग्लासची.

एवढा हिशेब मांडूनही मी आधी स्टेनलेसच घेतलं. दिसतं भारी, काय करणार!

भोसरीत बेंडिंगला गेलो. मशीनवाल्याने ९० अंशांची घडी मारली, दाब सोडला आणि पत्रा डोळ्यांदेखत मागे आला. गुण्या लावला तर तीन अंशांची फट. "साहेब, एस.एस. माघारी येणारच. ८७ ला मारतो, मग ९० ला बसेल." बसलंही. पण पुढे आर्गन वेल्डिंगला कडेचा पत्रा असा फुगला की बोटाने दाबला की टक् करून आत, सोडला की टक् करून बाहेर. स्टेनलेसमध्ये उष्णता पसरत नाही, एकाच जागी साचते, आणि तो साध्या लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावतो. तांब्याची पट्टी मागे लावून, इंच-इंच टाके मारत गेलं तरच निभावतं.

त्यातच पहिला पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या तुकड्यावर चहाच्या रंगाचे ठिपके! मी थेट दुकानदाराच्या नावाने खडे फोडले, ३०४ सांगून स्वस्तातला २०२ गळ्यात मारला म्हणून. चुंबकाने हा फरक कळत नाही, दोन्ही जवळजवळ चिकटतच नाहीत. मग तपासणीचं द्रावण आणि नऊ व्होल्टची बॅटरी आणली. थेंब टाकला, तारा टेकवल्या. २०२ असता तर थेंब लाल झाला असता. झाला नाही. माल अस्सल होता. गुन्हेगार माझाच ग्राइंडर: ज्या डिस्कने जुना गंजका तळ कापला, तीच मी स्टेनलेसवर फिरवली होती. लोखंडाचे कण पत्र्यात रुतले आणि ते गंजले. आता एस.एस.ची डिस्क वेगळ्या डब्यात, डब्यावर मार्करने मोठ्ठं लिहून. दुकानदाराची मनातल्या मनात माफी मागून झाली आहे.

तर निर्णय फिरवला: तळ, बाजू, फाळका, सगळं ५०५२. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० मध्ये हेच केलं होतं, बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आणि चासी स्टीलची. सगळं धरून वजन ७०० पौंडांपर्यंत उतरलं. लँड रोव्हरने तर १९४८ मध्येच अ‍ॅल्युमिनियम धरलं, युद्धानंतर स्टील मिळेना म्हणून. जुन्या लँड रोव्हर ज्यांनी उघडल्यात त्यांना स्टील-अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यातली पांढरी भुकटी माहीत असेल. दोन धातू आणि मधे पाणी, की झाली बॅटरी, आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. म्हणून प्रत्येक क्रॉस मेंबरवर ईपीडीएम रबराची पट्टी आणि प्रत्येक बोल्टला नायलॉनचा बुश. बोल्ट स्टेनलेसचे चालतात, कारण बोल्ट लहान आणि पत्रा मोठा. उलटं, म्हणजे स्टेनलेसच्या पत्र्याला अ‍ॅल्युमिनियमचे रिव्हेट, कधीच करू नका.

फाळक्याचे कोपरे गोल आहेत, ते हाताने ठोकावे लागले. पहिला कोपरा तडकला. कसब्यात तांबट आळीत जाऊन एका ओळखीच्या काकांना तो दाखवला. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला. "ठोकलं की ताठतं, तापवलं की नरमतं. तू तापवलाच नाहीस." तांबं तापलं की लाल होतं, अ‍ॅल्युमिनियम रंग न बदलता थेट वितळून खाली पडतं. त्यावर जुनी युक्ती आहे: पत्र्यावर कपड्यांचा साबण घासायचा आणि टॉर्च लांबून फिरवायची, साबण काळा पडला की थांबायचं. दुसरा कोपरा लाकडी हातोड्याखाली लोण्यासारखा वळला.

काल भंगारवाल्याच्या काट्यावर दोन्ही फाळके टाकले. जुना १४ किलो ३००, नवा ६ किलो १००. कडी-कोयंडे अजून मिळायचेत, रविवारी जुन्या बाजारात चक्कर आहे. डाव्या बाजूची कडी कोणाकडे पडून असेल तर कळवा.