किती जणांना बाटवलंत, असं तुम्ही विचारलंत म्हणून

मी सहा वर्षं आफ्रिकेत मिशनच्या दवाखान्यात नर्स होते हे कळलं, की खानापूरच्या बसमध्ये असो, लग्नाच्या पंगतीत असो, प्रश्न ठरलेला. सभ्य माणूस विचारतो, "तिकडं कसं काय जमलं हो?" मोकळा माणूस विचारतो, "सिस्टर, किती जणांस्नी बाटवलासा?" मला दुसरा बरा वाटतो. पहिल्याच्याही पोटात तेच असतं.

तर उत्तर : एकालाही नाही. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण काठावर म्वांझा शहर आहे. तिथून पुढं कच्च्या रस्त्यानं आमचा दवाखाना. तिथल्या कितीतरी घरांत आजोबांचाच बाप्तिस्मा झालेला. रविवारी देवळात उशिरा गेलं तर उभं राहावं लागे. त्यांना माझ्याकडून धर्म नको होता. बाळंतपण नीट व्हावं आणि मलेरियानं फणफणलेल्या पोराला वेळेत औषध मिळावं, एवढंच हवं होतं.

मिशनरी म्हटलं की आपल्याला गोरा साहेब आठवतो, आणि बेळगावात तसा तो आलाही होता. १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथं आले. पुढं इथल्याच मिशनच्या शाळेत 'यमुनापर्यटन' कादंबरी लिहिणारे बाबा पदमनजी शिकले, १८५४ मध्ये त्यांचा बाप्तिस्माही बेळगावातच झाला. हे सगळं संडे स्कूलमध्ये पाठ केलेलं. पण बाजारात शेंगा घेताना मराठीत बोलायचं की कानडीत, हे टेलरसाहेबाला कुणी सांगितलं असेल आणि त्याच्या उच्चारांना कोण कोण हसलं असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. ते आलं म्वांझाच्या बाजारात, टोमॅटोवाल्या बायका माझ्यावर पोट धरून हसत होत्या तेव्हा.

खरं तर मला भाषेची धास्ती नव्हती. घरात मराठी, बसची पाटी कानडी, दवाखान्यातल्या फाइली इंग्रजीत, अशात वाढलेलं माणूस मी. तिकडची भाषा स्वाहिली, ती तर ओळखीचीच वाटली. साबणाला साबुनी, दुकानाला दुका, गाडीला गारी, वेळेला वकाती. चहा म्हणजे चाय आणि चपाती म्हणजे चपातीच. पंधरा दिवसांत मला वाटलं, आली भाषा. तिथंच फसले.

एका गावात गरोदर बायकांची तपासणी ठरली. वेळ सांगितली "सा न्ने", म्हणजे चार वाजता. मी चारला पोचले. झाडाखाली फक्त एक म्हातारी बसलेली. बायका सकाळी दहापासून बसून, उपाशीपोटी, कंटाळून गेल्या होत्या. तिकडं तास सूर्य उगवल्यापासून मोजतात. विषुववृत्त जवळ, त्यामुळं दिवस बारा महिने जवळपास सारखाच, सहा ते सहा धरलेला. सात वाजले की एक वाजला, आणि दहा वाजले की चार. म्हातारीनं मला रागावून एक शब्द बोलला नाही, उलट म्हणाली, "पोले." मला वाटलं हळू जा म्हणते. तो शब्द मला नंतर कळला.

घड्याळाचं मात्र मनात राहिलं. आमचे आजोबा घटका सूर्योदयापासूनच मोजायचे की! आणि त्याहून गंमत पुढं झाली. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तिथल्या देवळात वचन वाचलं गेलं : येशूनं नवव्या तासाला मोठ्यानं हाक मारली. आमच्या संडे स्कूलमध्ये दरवर्षी बाई फळ्यावर सूर्य काढून समजावायच्या, की नववा तास म्हणजे दुपारचे तीन, सकाळचे नऊ नव्हेत. तिथं कुणाला काही समजवायला लागलं नाही. स्वाहिलीत दुपारच्या तीनला "सा तिसा" म्हणतात, म्हणजे नऊच. शेवटच्या बाकावरच्या शेंबड्या पोराला जे आपोआप कळत होतं, ते मला दरसाल फळ्यावरून शिकून घ्यावं लागलं होतं. आणि मी इकडून शिकवायला गेलेली!

हे ऐकून आमच्या गल्लीतल्या वहिनी म्हणाल्या, "म्हणजे त्यांनीच तुम्हाला बाटवलं म्हणा की." म्हटलं, तसंच समजा.

चौथ्या वर्षी बाबा गेले. फोन आला तेव्हा मी रात्रपाळीला होते. तिकीट, व्हिसा, दोन विमानं. माती मिळणं शक्यच नव्हतं. सकाळी खोलीवर आले तर दाराबाहेर "होदी" अशी हाक. आत येण्याआधी विचारायची तिकडची रीत. दवाखान्यातल्या झाडूवाल्या, स्वयंपाकीणबाई, पेशंटांच्या आया एकेक करून आत आल्या, चटई अंथरून बसल्या. कुणी प्रार्थना म्हटली नाही, कुणी समजूतही काढली नाही. नुसतं "पोले, सिस्टा". ठेच लागली, दमलात, ताप आला, माणूस गेलं, सगळ्याला हाच शब्द. दुपारी एकीनं शाळेची वही काढली. ज्यानं त्यानं नाव घालून पैसे दिलेले, काहींचे पाचशे शिलिंग, म्हणजे आपले वीसेक रुपये. रांबिरांबी म्हणतात त्याला, सुतकाच्या घरचा खर्च सगळ्यांनी उचलायचा. मी नको नको म्हणत होते. स्वयंपाकीणबाई चिडल्या : तुझे वडील काय उपाशी लोकांच्या घरचे होते काय, लोक बसायला येणार, त्यांना भात नको?

मग भात झाला. सरोवरातली सुकी दागा मासळी घातलेली आमटी झाली, आपल्या सुकटीसारखी. बाबांच्या नावानं म्वांझाकडची पन्नासेक माणसं जेवली, ज्यांतल्या एकानंही त्यांना पाहिलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात त्याच स्वयंपाकीणबाईंचा भाऊ गेला. मी रात्रपाळी संपवून थेट त्यांच्या दारात गेले, होदी म्हटलं, आणि वहीत तिसरं नाव माझं लागलं.