खरं बोलून टोपी

इंदूरच्या सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस चवीनं खाणारे पुष्कळ. दिवसा तिथेच बिल नीट वाचणारे कमी. सोन्यात टोपी घालायला धादांत खोटं बोलावं लागतच नाही. "वहिनी, हॉलमार्कचं आहे" हे खरं असतं, पण कधी मंगळसूत्राच्या वाट्यांपुरतंच. पोत हलक्या सोन्याची निघते.

हॉलमार्कच्या शिक्क्यात तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 22के916), आणि अक्षरं-आकडे मिळून सहा जागांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. दुकानातलंच भिंग मागा आणि क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाका. शुद्धता जुळली की लोक मोबाइल खिशात ठेवतात. तिथे दागिन्याचा प्रकारही लिहिलेला असतो, तो वाचा. हातात तुशी आणि पडद्यावर अंगठी, म्हणजे क्रमांक उसना आहे.

खरी मेख वजनात. समजा मंगळसूत्र एकूण 18 ग्रॅम, त्यात काळे मणी, दोरा, खडे धरून 3 ग्रॅम. सोनं 15, भाव 18 ला लावला. वर "मजुरीत निम्मी सूट"! 16 टक्क्यांची 8 झाली, तर 15 ग्रॅमवर वाचले जेमतेम 1.2 ग्रॅमचे पैसे, गेले 3 ग्रॅमचे. खड्यांपुढे '5 कॅरेट' लिहिलं असेल तर तो सोन्याचा कस नव्हे, खड्यांचं वजन आहे: एक कॅरेट 0.2 ग्रॅम, म्हणजे 1 ग्रॅम वजा करायचा. एकच शब्द दोन्हीकडे चालतो आणि गिऱ्हाईक मान डोलावतं.

हे कळतं मोड द्यायला गेल्यावर, वीस वर्षांनी. तिथेही जपा. कसोटी वरचाच थर सांगते, क्ष-किरणांनी कस सांगणारं एक्सआरएफ मशीनही फार आत जात नाही. आतली लाख आणि डाक (जोडाचा हलका धातू) दोघांनाही दिसत नाही. आधी वजन, मग डोळ्यांदेखत आटवणी, मग लगडीचा कस, हाच क्रम धरा. आटवून झाल्यावर वेगळी 'घट' कापत असतील तर कशाची, ते विचारा.

हॉलमार्कचा दागिना तपासणीत कमी कसाचा निघाला तर नियमानं फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मिळतो. पण बिलावर निव्वळ वजन आणि शुद्धता लिहून घेतलेली हवी. जीएसटी वाचवायला कच्ची चिठ्ठी घेतली असेल, तर भांडायचं कशाच्या जोरावर?